बांधावरचा मासा

ट्रॅक्टरचा फाळ कशावर तरी कर्रकन घासला आणि लिंबाखाली न्याहारी सोडत बसलेल्या पुष्पाबाईच्या हातातली भाकर हातातच राहिली.

"थांब बे निवृत्ती, थांब!" तिचा नवरा शालिग्राम वावरातून ओरडला. "काय लागलं पाह्य!"

ट्रॅक्टरवाला निवृत्ती खाली उतरला, वाकला, हातानं माती सारली. "दगड हाय, काका. पन याच्यावर कायतरी कोरेल हाय."

झालं! पुष्पाबाईच्या छातीत अशी धडधड सुरू झाली की तिनं पदरच तोंडाला लावला. हसू दाबायला की भीती दाबायला, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. कारण तो दगड तिथं कुणी पुरला हे साऱ्या शिवारात दोघींनाच माहीत होतं. एक ती स्वतः, आणि दुसरी बांधापलीकडची बानो.

दगड कसला, पाटा होता तो! बानोच्या सासूच्या काळातला, मसाला वाटायचा, मधोमध फुटलेला. घरात मिक्सर आला तेव्हापासून बकऱ्यांच्या कोठ्यामागं पडून होता. पूर्वी टाकी लावणाऱ्या बाया दारोदार यायच्या. पाटा गुळगुळीत झाला की छिन्नीनं टोचून खडबडीत करून द्यायच्या, आणि घरवालीनं चहा पाजला की खुशीनं कडेला एखादा मासा, चंद्र, सूर्य कोरून द्यायच्या. तसलाच हा. पण बायकांच्या हाताखालची वस्तू, बाप्या माणसानं ती कधी निरखून पाहिली असेल तर शपथ. वाटलेली चटणी तेवढी पाहायची!

आणि शालिग्रामपुढं असा दगड टाकणं म्हणजे मांजरापुढं दूध ठेवणं. साखरखेर्ड्यापासून लोणारपर्यंत कुठं कोरीव दगड निघाला म्हणून कानावर आलं की हा माणूस गुप्तधन शोधायला निघाला. नाग म्हणजे राखण, हात म्हणजे दिशा, घोडा म्हणजे मजल, सारा हिशेब याच्या तोंडावर. पण एकटा कधी जायचा नाही. एका मोटारसायकलवर दोघं जायचे, तो आणि बांधापलीकडचा, बानोचा नवरा फकीर मोहम्मद. शालिग्राम चिन्ह वाचायचा, फकीर मोहम्मद दगड वाचायचा. वालिदांसोबत दगडी विहिरी बांधण्यात त्याची उमर गेलेली, छिन्नीचा घाव पाहून घाव जुना की कालचा ते सांगायचा. एकानं नाही म्हटलं की दुसरा कुदळ उचलत नसे. इतकी वर्षं हिंडून सापडलं काय? एकदा घोड्याची नाल आणि एकदा कुणाच्या तरी म्हशीचं हाड. पण घरी यायचे ते असे खुशीत की दोन्ही बायकांना वाटावं, यांनी हंडा कुठं लपवून तर ठेवला नाही ना!

ते सगळं बंद पडलं बांधापायी. चार पावसाळ्यांपूर्वी नाल्याला असा पूर आला की दोन वावरांमधला बांध वाहून गेला आणि हद्दीचा दगड गाळात कुठं गडप झाला कुणास ठाऊक. शालिग्रामनं अंदाजानं नवा बांध घातला. फकीर मोहम्मद म्हणाला, शालिकभाऊ, तू माझ्याकडं सरकलास. शालिग्राम म्हणाला, मी? मी तुझी माती खाईन? शब्दाला शब्द वाढला. मोजणी आणली असती तर एका दिवसात निकाल लागला असता. पण मोजणी आणायची म्हणजे भावावर फिर्याद ठोकायची, असं दोघंही म्हणत. म्हणून दोघांनी मोजणी आणली नाही आणि बोलणंही टाकलं. याला काय अक्कल म्हणायची?

बायकांनी मात्र बोलणं सोडलं नव्हतं. पुष्पाबाई आणि बानो दोघी एकाच शेडनेटात बियाण्यासाठी टमाट्याच्या फुलांचं क्रॉसिंग करायला जात, एका डब्यात जेवत. लग्न होऊन आली त्या वर्षी पुष्पाबाईला पहिल्यांदा पोटभर रडू दिलं ते बानोनं. आणि आता फकीर मोहम्मदनं वावर विकायला काढलं होतं. शेजारी असून परक्यासारखं राहायचं तर इथं राहायचं कशाला, म्हणायचा. चिखलीचा एक व्यापारी तयार होता. उद्या बाजाराच्या दिवशी विसार घ्यायचा, मग बिऱ्हाड चिखलीला. म्हणजे बानो जाणार. पुष्पाबाईला ते घासाघासाला आठवे आणि घास खाली उतरत नसे.

म्हणून हा उद्योग. काल भर दुपारी दोन्ही नवरे घोरत असताना दोघींनी पाटा टोपल्यात घालून आणला आणि शालिग्रामच्या बाजूनं, जिथं आज नांगर फिरणार होता, तिथं बांधाच्या पायथ्याशी पुरला.

"पुष्पा, याईले दगड समजते व," बानो तेव्हा म्हणाली होती. "हात लावला का म्हनतीन, हा त पाटा हाय."

"म्हनू दे! निदान बोलतीन त!"

आता लिंबाखालून पुष्पाबाई उठली आणि काहीच माहीत नसल्यासारखं तोंड करून बांधाकडं गेली. शालिग्राम दगडापुढं उकिडवा बसला होता. धोतरानं दगड पुसत होता, फुंकर मारत होता.

"पुष्पे, पाह्य! चंद्र हाय. सूर्य हाय. हा मासा! अन् हे टोचे पाह्य, वळीनं! माया जिंदगीत एवढं साफ चिन्ह म्या पाह्यलं नाही!"

"दगड त दिसते मले," पुष्पाबाई म्हणाली.

"तुले काय समजते!" त्यानं निवृत्तीकडं मान वळवली. "साधा धोंडा हाय रे. तू जा, वरचं वावर नांगरून घे."

निवृत्ती दोनदा मागं वळून पाहत गेला. शालिग्राम उभा राहिला, पुन्हा बसला, पुन्हा उभा राहिला. मासा पाहावा आणि बांधापलीकडं पाहावं, असं त्याचं चाललं. पुष्पाबाईला कळत होतं त्याचं कुठं अडलंय. ती गप्प राहिली. तिच्या स्वभावाला गप्प राहणं म्हणजे शिक्षाच, पण राहिली.

"बानोले सांग जरा," तो शेवटी पुटपुटला. "म्हनाव, त्याईले एक डाव पाठव."

"मी नाही सांगत. तुमाले तोंड नाही का?"

शालिग्रामनं तिच्याकडं रागानं पाहिलं. मग तो बांधाजवळ गेला, घसा खाकरला, आणि बांधावरच्या बोरीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "दगड निंगाला हाय! चंद्र-सूर्य हायेत! पन दगड जुना हाय का नवा, हे काही आपल्याले समजत नाही!"

पलीकडं फकीर मोहम्मद बकरीला पाला टाकत होता. त्याचा हात थांबला. पुष्पाबाईनं श्वास रोखून धरला. कोठ्याच्या दारात बानो उभी होती, तिनंही.

"राणी," फकीर मोहम्मद बकरीला म्हणाला, "ज्याले समजत नाही त्यानं मानसाले इचारावं. बोरीले काय समजते?"

"बोरी ऐकून त घेते!" शालिग्राम बोरीला म्हणाला.

"ऐकलं असतं कोनी, राणी, सांगनाऱ्यानं नीट सांगतलं असतं त!"

"मासा बी हाय!" शालिग्रामचा धीर सुटला. "वीतभर मासा हाय, फकीरा! तोंड उघडं हाय त्याचं!"

फकीर मोहम्मदच्या हातातला पाला खाली पडला. एवढा वयाचा माणूस, पण बांध असा ओलांडला की पोरानं ओलांडावा. आला आणि दगडापुढं बसला. बानो धावत आली आणि पुष्पाबाईचा दंड घट्ट धरून उभी राहिली. तिची नखं रुतत होती, तरी पुष्पाबाईला दुखत नव्हतं.

फकीर मोहम्मदनं दगडावर हात ठेवला. माशावरून बोट फिरवलं. टोच्यांवरून तळवा फिरवला, एकदा, दोनदा. दगड थोडा उचलून खालची बाजू पाहिली. मग मान वर करून त्यानं बानोकडं पाहिलं, असं पाहिलं की बानोच्या तोंडचं पाणीच पळालं. संपलं सारं, पुष्पाबाईच्या मनात आलं, आता हा म्हणणार पाटा!

"पुराना हाय," फकीर मोहम्मद म्हणाला. "लय पुराना माल हाय, शालिकभाऊ."

शालिकभाऊ! चार वर्षांनी ते नाव ऐकलं आणि शालिग्राम मुकाट्यानं नाक पुसायला लागला.

आणि मग काय सांगावं! दोघांना तोंडं फुटली. शालिग्राम म्हणाला, चंद्र-सूर्य म्हंजे जोवर थे आभायात हायेत तोवर धन इथं सुखरूप. मासा म्हंजे पानी, त्याचं तोंड म्हंजे दिशा, अन् टोचे म्हंजे पावलं. फकीर मोहम्मद म्हणाला, पावलं कोनाची, मानसाची का घोड्याची? मानसाची. मंग पयल्याच्या मानसाचं पाऊल मोठं राहे, तुयासारखं नाही. माया पायाले काय झालं? काही नाही झालं, पन लहान हाय! मंग तू टाक पावलं, तुये पाय मोठे. टाकतो ना! आणि माशाच्या तोंडापासून फकीर मोहम्मद ढांगा टाकत शालिग्रामच्या वावरात शिरला, शालिग्राम मागून "वाकडा चालला तू, वाकडा चालला" असं ओरडत.

"अर्धं तुयं, अर्धं मायं," शालिग्राम म्हणाला.

"वावर तुयं हाय."

"असू दे वावर! अन् सरकारले बी कळवा लागते, थे मागून पाहू. आधी निंगू त दे!"

कुदळी आल्या, फावडं आलं. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते, पण पर्वा कुणाला? एक खोदायचा, दुसरा माती ओढायचा आणि खोदणाऱ्याला शिव्या द्यायचा. खड्डा मांडीएवढा झाला, कमरेएवढा झाला. गाळाची मऊ माती भराभर निघत होती. फकीर मोहम्मद शालिग्रामच्या तांब्यातून घटाघटा पाणी प्यायला आणि उरलेलं शालिग्रामनं त्याच्याच हातातून घेऊन डोक्यावर ओतलं. बानोनं तोंड फिरवून डोळे पुसले.

पुष्पाबाई तर एवढी हरखली की तिचं तिलाच भान राहिलं नाही. कुदळ खणकन वाजली की हिचं काळीज उडायचं.

"बानो, खरंच कायतरी निंगन का व?"

"पागल झाली का? आपुनच त पुरला ना थो!"

"हाव व, इसरलीच मी," पुष्पाबाई म्हणाली आणि दोघी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसल्या.

तेवढ्यात खाली टणक लागलं. शालिग्राम खड्ड्यातून वर आला. "पहार पाहिजे. कुदळीनं नाही होत. मी आनतो खोलीतून, तू हात लावू नको, मले येऊ दे!" असं म्हणत तो विहिरीवरच्या खोलीकडं अक्षरशः पळत सुटला.

फकीर मोहम्मदला कुठला धीर! त्यानं खड्ड्यात उतरून हातानं माती सारली. आणि एकदम थांबला. मग पुन्हा, हळूहळू, बोटांनी माती काढायला लागला. पुष्पाबाई काठावर वाकली.

खाली एक घडीव चौकोनी दगड होता, उभा रोवलेला. त्याच्या माथ्यावर छिन्नीनं कोरलेली फुली. चंद्र नाही, सूर्य नाही, नुसती फुली. ती वाचायला शालिग्रामची गरज नव्हती. मोजणीवाल्यांनी रोवलेला हद्दीचा दगड होता तो, पुराच्या गाळानं गिळलेला. दगड इथं, आणि शालिग्रामचा बांध तिकडं लांब, बोरीपाशी. मधली सारी पट्टी चार वर्षं शालिग्राम नांगरत होता आणि ती फकीर मोहम्मदची होती.

पुष्पाबाई काठावरच बसली.

फकीर मोहम्मदनं वर पाहिलं. हसला नाही, रागावलाही नाही. दोन्ही हातांनी माती ओढून तो दगडावर टाकायला लागला.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"बुजून राह्यलो, भाभी. शालिकभाऊले सांगू, खडक लागला. दुसरीकडं खोदू."

"अवो, पन हा दगड..."

"माया घरचा पाटा मले वळखू येत नाही का, भाभी?" तो हळूच म्हणाला. "मायी माय त्याच्यावर वाटे. हात लावला तवाच समजलं तुमा दोघीचं काम. मले काय वाईट वाटलं का? मीच वाट पाहून राह्यलो होतो, कोनी कायतरी कराव. उद्या मी बाजारात नाही जात. विसार नाही घेत. मले जे पाहिजे होतं थे भेटलं. हा दगड त्याले दिसला त मान खाली जाईन त्याची, अन् मान खाली गेली का थो पुन्हा बोलनार नाही. मले मालूम हाय थो कसा हाय."

"बुजू दे, पुष्पा," बानो म्हणाली. "पट्टीभर मातीनं आमचं काय जाते? चार वर्स गेले तसे जातीन. बुजू दे व. मले नाही जायचं चिखलीले."

खोटं कशाला बोला, पुष्पाबाईलाही वाटलं, बुजू दे. सगळंच तर मिळालं होतं! बानो राहणार होती, नवरा बोलायला लागला होता, वर पट्टीही आपल्याकडंच. नुसतं तोंड मिटून राहायचं, बस्स. तोंड उघडलं तर काय होईल हेही तिला माहीत होतं. शालिग्राम पहार टाकून घरी जाईल आणि दार लावून बसेल, आणि उद्या चिखलीवाला विसार देईल. तिनं बानोकडं पाहिलं. बानोनं हात जोडले होते. बानोनं, हिच्यापुढं! आणि तिथंच पुष्पाबाईचा पारा चढला.

"हात कायले जोडते व? तुयीच माती खाऊन राह्यलो आमी, अन् तूच हात जोडते? मी उद्यापासून तुया डब्यातली भाकर कशी खाऊ? माया घरातला मानूस चोर नाही. चुकला असन. चुकला त सांगा लागते!" आणि कुणी काही म्हणायच्या आत ती विहिरीकडं तोंड करून ओरडली, "अवो! या लवकर! सापडलं!"

शालिग्राम पहार घेऊन आला तो धडपडतच. "सापडलं? माशाच्या तोंडासमोरच ना? सांगतलं होतं का नाही! सांगतलं होतं का नाही, फकीरा! हंडा हाय का कढई हाय?" त्याचा सारा चेहरा उजळला होता. आयुष्यात पहिल्यांदा चिन्ह खरं निघालं होतं आणि तो खड्ड्याच्या काठावर नाचायचाच काय तो बाकी होता.

"पाहा तुमीच," पुष्पाबाई म्हणाली.

फकीर मोहम्मद बाजूला सरला. शालिग्राम खाली उतरला, अर्धवट टाकलेली माती त्यानं झटकली आणि फुली पाहिली. मग मान वर करून बोरीपाशी आपण घातलेल्या बांधाकडं पाहिलं. पुन्हा फुलीकडं. पुष्पाबाईला वाटलं, गेलं, आपण आपल्या हातानं सारं घालवलं. बानो खाली बसली होती, डोकं गुडघ्यात घालून.

"शालिकभाऊ," फकीर मोहम्मद म्हणाला, "पुरापायी झालं थे. अंदाज चुकते मानसाचा. जाऊ दे."

शालिग्रामनं पहार फकीर मोहम्मदच्या हातात दिली.

"अजून खोद," तो म्हणाला.

"कायले?"

"चार सालापासून मायी अक्कल कुठी गाडली गेली ते पाहू. इथीच खाली असन."

मग फकीर मोहम्मद असा हसला की खड्ड्यातच मटकन बसला. शालिग्राम हसायला गेला आणि त्याला रडू फुटलं. रडतरडतच तो ओरडला, "हसतो कायले बे? तू काऊन जोरानं नाही सांगतलं? एक थोबाडीत ठिवून द्याची होती! शेजारी कायले हाय तू? अन् थ्या चिखलीवाल्याले फोन लाव. आताच लाव, मायासमोर! म्हनाव, नाही इकत. तुयानं नाही होत त मले दे, मी सांगतो त्याले!"

फोन लागला. फकीर मोहम्मद दोन शब्द बोलला असेल-नसेल, शालिग्रामनं फोन ओढून घेतला आणि त्या बिचाऱ्या माणसाला असं काही सुनावलं की जणू तोच रातोरात बांध सरकवून गेला होता.

मग दोघं बोरीपाशी गेले, बांध फोडायला. तिथं पुन्हा अडलं.

"पयला घाव तू घाल," शालिग्राम म्हणाला. "तुया मातीवर हाय बांध."

"घातला तू होता. तूच फोड."

"मी सांगून राह्यलो ना, तू घाल!"

"शालिकभाऊ, मी नाही घालनार म्हंजे नाही घालनार!"

दोघंही पहारीला धरून ओढाताण करायला लागले, आवाज चढले, वरच्या वावरातून निवृत्ती ट्रॅक्टर थांबवून पाहायला लागला. पुष्पाबाईनं कपाळाला हात लावला. मग पदर खोचला, दोघांच्या मध्ये शिरली आणि पहार हिसकावून घेतली.

"व्हा बाजूले दोघं बी!"

आणि तिनं बांधावर पहिला घाव घातला. ढेकूळ फुटून तिच्या पायांवर आलं. तिनं पहार बानोच्या हातात दिली. बानोनं डोळे पुसले, "या खुदा" म्हणत पहार डोक्यावर उचलली, आणि दुसरा घाव तिनं घातला.